गॅलॅगरांची भाऊबंदकी आणि सफरचंदांचा मेथांबा

आमच्या आणि वहिनींच्या परसामधल्या कुंपणाच्या दोन फळ्या एका वादळात निसटल्या. त्या कुणी बसवायच्या यावर दोन्ही घरच्या पुरुषांचा विचार अजून चालू आहे, तोवर आमचं बरं चाललंय. सप्टेंबरात वहिनींच्या झाडाची आंबटढाण सफरचंदं माझ्या बाजूला पडतात. ती मी फटीतून परत देते, आणि चार दिवसांनी त्याच फटीतून मेथांब्याचा डबा इकडे येतो. उत्तर मँचेस्टरमध्ये कैरी कुठून आणायची? हीच आमची कैरी.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. डबा देता देता वहिनी म्हणाल्या, "ऐकलंस का गं? आमच्या डेमनने आशाताईंना गायला लावलंय."

'आमचा डेमन' म्हणजे ब्लर बँडचा डेमन अल्बर्न. वहिनी १९९२ साली लग्न होऊन सांगलीहून निघाल्या त्या थेट एसेक्समधल्या कोलचेस्टरला उतरल्या. भाऊजी तिथल्या इस्पितळात नोकरीला होते. डेमन आणि त्यांचा गिटारवाला ग्रॅहम कॉक्सन तिथल्याच स्टॅनवेच्या शाळेत भेटलेले. त्यामुळे कोलचेस्टर हे वहिनींचं विलायतेतलं माहेर आणि ब्लर म्हणजे माहेरची माणसं. मी पडले बर्नेजची. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं दक्षिण मँचेस्टरच्या त्या भागात काढली, जिथे ओएसिसवाले नोएल आणि लिअम गॅलॅगर वाढले. फॉग लेनवरच्या सिफ्टर्स या रेकॉर्डच्या दुकानात ते जायचे. मी त्याच रस्त्यावर कोथिंबीर शोधत हिंडायचे.

"आशाताईंचं नंतर," मी म्हटलं. "तुमच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्यात?"

"एक. तीन होईपर्यंत आहे मी."

तीन शिट्ट्यांत काय काय होतं बघा. सुरुवात नेहमीप्रमाणे १४ ऑगस्ट १९९५ पासून. त्या दिवशी ब्लरचं 'कंट्री हाउस' आणि ओएसिसचं 'रोल विथ इट' एकाच वेळी बाजारात आलं. निवडणुकीच्या निकालासारखी टीव्हीच्या बातम्यांत चर्चा! ब्लरच्या खपल्या २,७४,००० प्रती, ओएसिसच्या २,१६,०००.

"अठ्ठावन्न हजारांनी आपटलात," वहिनी. तीस वर्षं हा आकडा त्यांनी मुरांब्यासारखा जपलाय.

"तारीख तुमच्या लोकांनी मुद्दाम हलवली, आणि वर दोन वेगवेगळ्या सीडी काढल्या, म्हणजे चाहत्याने दोन्ही घ्याव्यात. आणि पुढे? ऑक्टोबरात आमचा 'मॉर्निंग ग्लोरी' अल्बम आला, तुमचा 'द ग्रेट एस्केप' कुठे गेला कुणाला ठाऊक."

यावर वहिनी सफरचंद पुसत राहिल्या. ते खरंच आहे. 'मॉर्निंग ग्लोरी' जगभर दोन कोटींच्या वर खपला. पुढच्या ऑगस्टला नेबवर्थच्या माळावर दोन रात्री मिळून अडीच लाख माणसं जमली.

पण मनातलं सांगू? ज्या दोन गाण्यांवरून एवढं रण पेटलं ती दोन्ही त्या त्या बँडची सामान्यच गाणी. 'रोल विथ इट' म्हणजे पाहुणे येणार म्हणून घाईत केलेला उपमा. आणि 'कंट्री हाउस' तर आता बघवतही नाही. तो व्हिडिओ डेमियन हर्स्टने केला होता, बायकांमागे धावाधावीचा, पाचकळ. खुद्द ग्रॅहमला त्याची लाज वाटायची. गाण्यात टिंगल आहे ती शहर सोडून गावाकडे बंगला घेणाऱ्या पैसेवाल्याची. आणि आता त्यांचा बासवाला अ‍ॅलेक्स जेम्स काय करतो? ऑक्सफर्डशरमध्ये शेतघर घेऊन चीज बनवतो!

"चीज चांगलं असतं हं त्याचं," वहिनी म्हणाल्या. "आणि ड्रमवाला डेव्ह रॉनट्री वकील झाला, नॉरफकच्या काउंटी कौन्सिलवर निवडून आला. माझ्या माहेरची माणसं मार्गी लागली. तुझे भाऊ बघ."

इथे माझी बोलती बंद होते. गॅलॅगरांची भाऊबंदकी म्हणजे आपल्याकडच्या बांधावरच्या भांडणाला लाजवील अशी. १९९४ साली एका मुलाखतीत दोघे पत्रकारासमोरच असे जुंपले की त्या भांडणाचीच पुढे रेकॉर्ड निघाली, आणि ती खपलीही. २००९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला कार्यक्रमाआधी गिटार फुटली आणि बँड मोडला. पंधरा वर्षं बोलाचाली नाही. पेगीबाईंनी, त्यांच्या आईने, काय सोसलं असेल!

दुसरी शिट्टी झाली.

"पण गाणी?" मी म्हटलं. "माणसं राहू द्या. गाणी कुणाची म्हातारी झाली?"

वहिनींनी डबा कुंपणावर ठेवला. "खरं सांगू का तुला? 'पार्कलाइफ'मधली आमची गाणी म्हणजे व्यक्तिचित्रं. सरकारी नोकरीतला कारकून, सुट्टीवर गेलेली पोरं. तेव्हा खदखदून हसायचो. परवा नातवाला ऐकवलं तर प्रत्येक ओळीला म्हणाला, हे म्हणजे काय, आजी? तळटीप द्यावी लागते गं."

कबुलीच होती ती, म्हणून मीही जरा सैल सोडलं. ओएसिसच्या शब्दांना अर्थ शोधायला जाऊ नये. नोएल यमक जुळलं की पुढे जायचा. आपल्याकडे आरतीत शब्द चुकले तरी लोक ठणकावून म्हणतात, कारण टाळ्या आणि सूर बरोबर असतात, तसं आहे ते. अर्थ घट्ट नसल्यामुळे त्यात कुणाचंही दुःख मावतं. २०१७ च्या मे महिन्यात इथल्या अरीनात स्फोट झाला, २२ जणं गेली. तीन दिवसांनी सेंट अ‍ॅन्स चौकात लोक एक मिनिट स्तब्ध उभे होते. ते मिनिट संपलं आणि गर्दीतून एका बाईने 'डोन्ट लुक बॅक इन अँगर' हळूच सुरू केलं. बघता बघता सगळा चौक म्हणू लागला. १९९५ साली लिहिताना नोएलच्या मनात यातलं काहीच नव्हतं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात भाऊजी इस्पितळातून तीन दिवस घरी आले नव्हते.

मग त्यांनीच विषय वळवला. "पण तुमचा तो तिसरा अल्बम..."

"'बी हिअर नाउ'? त्याला मी कधी सावरलंय? गिटारवर गिटार, त्यावर आणखी गिटार. भेळेत चिंचेचं पाणी ओतावं आणि भेळच दिसू नये." आवाज मुळातच एवढा चढवून भरायचे की आता चांगल्या हेडफोनवर अर्ध्या तासात डोकं उठतं. उलट ब्लरचं 'टेंडर' घ्या, १९९९ चं, प्रेमभंगानंतरचं, मागे चर्चमधल्यासारखी समूहगायकांची साथ. आज जास्तच आवडतं. हे मी वहिनींना आजवर सांगितलेलं नाही. आणि २०१३ साली अल्बर्ट हॉलच्या मदतनिधी कार्यक्रमात नोएल आणि डेमन एकाच मंचावर उभे राहून हेच गाणं गायले, त्याची क्लिप मी किती वेळा पाहिलीय तेही.

२०२५ च्या जुलैत ओएसिस परत आलं. पाच रात्री हीटन पार्कला, आमच्या घरामागेच. आमच्या पोराने तिकिटासाठी रांग लावली. हातात येईपर्यंत दीडशे पौंडांचं तिकीट साडेतीनशेच्या वर गेलं. त्याने घेतलं, मला सांगितलं नाही. बिनतिकिटाचे लोक बागेतल्या एका टेकडीवर जमले. तिचं नाव 'गॅलॅगर हिल' पडलं, मग महापालिकेने तिथे कुंपण घातलं. आम्ही दोघी आमच्या कुंपणापाशी खुर्च्या टाकून बसलो. वाऱ्यावर आधी नुसता धप धप ठोका यायचा, मग गर्दीचा आवाज. लिअमचा गळा मध्येच कुठेतरी. शब्द एकही नीट कळत नव्हता आणि सगळी गाणी ओळखू येत होती.

"ते सोड," वहिनी म्हणाल्या. "आशाताईंचं ऐक. डेमनचा दुसरा बँड, गोरिलाझ. त्यांच्या 'द माउंटन' अल्बममध्ये आशाताई आहेत, अनुष्का शंकर आहे, आणि वर चक्क देवनागरीत 'पर्वत' लिहिलंय. तुझ्या नोएलने पंचवीस वर्षांत तीन स्वरांपलीकडे काही नवीन शोधलं?"

याचीच वाट बघत होते मी. "१९९८ साली विलायतेत पहिल्या नंबरावर पोचलेलं 'ब्रिमफुल ऑफ आशा' कुणावर होतं? आशाताईंवरच. बँड कॉर्नरशॉप. आणि त्याच कॉर्नरशॉपच्या पुढच्या अल्बमवर गिटार वाजवायला कोण गेलं? नोएल."

"वाजवायला ना? गाऊन तर नाही घेतलं आशाताईंकडून!"

तिसरी शिट्टी झाली. वहिनी वळल्या, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. "डबा रिकामा पाठवू नकोस. आणि ते दोघे भाऊ अजून एका गाडीने फिरतायत का गं?"

"वेगवेगळ्या गाड्यांनी फिरतात म्हणे."

"म्हणूनच टिकलेत," त्या म्हणाल्या आणि डाळ उतरवायला पळाल्या.