आकडा आधी कोण बोलणार?

पुण्यात पगार गुप्त राहतो तो फक्त शेजारच्या टेबलवाल्यापासून. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मात तो लिहावाच लागतो, सोसायटीतल्या काकू जिन्यात गाठून ‘पॅकेज कितीचं रे?’ म्हणतात. माझे वडील सरकारी नोकरीत. त्यांचा पगार अख्ख्या आळीला पाठ, कारण वेतन आयोगच तो छापून मोकळा. सातव्या आयोगाचा तक्ता आजही कुणीही बघावा : मूळ वेतन किमान 18,000, आणि सर्वात मोठ्या साहेबांचं 2,50,000.

आमच्या आयटीतल्या जाहिरातीत मात्र ‘पगार : इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे’. मग एचआरच्या मॅडमचा फोन. ‘करंट सीटीसी? एक्स्पेक्टेशन?’ तुमचं बजेट किती, असं विचारलं की ‘ते कँडिडेटवर आहे.’ वर तीन महिन्यांच्या पे-स्लिपा पाठवायच्या. मंडईत एखाद्या गिऱ्हाइकानं ‘काल जुडी कितीला दिलीस ती पावती दाखव, वर तीस टक्के देतो’ म्हटलं, तर भाजीवाली काय बोलेल ते इथं छापता येणार नाही.

युरोपीय संघानं 2023 साली निर्देश काढला : उमेदवाराला जुना पगार विचारायचा नाही आणि नव्याचा अंदाज आधीच द्यायचा. आपल्याकडेही अगदीच अंधार नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला, संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट, हे 2013च्या कंपनी कायद्यामुळे दरवर्षी जाहीर करावं लागतं. म्हणजे एमडींचं मला कळतं. टेबलवाल्याचं नाही.

यथावकाश ऑफर लेटर आलं. आकडा भरघोस होता. बायकोनं चष्मा लावून खालचा तक्ता वाचायला घेतला. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यात, विम्याचा हप्ता त्यात, ‘व्हेरिएबल’ही त्यातच.

‘ही ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी मिळते ना?’

‘हो.’

‘आणि तू कुठं दोनच्या वर टिकलायस?’

मग तिनंच बाजूला बसून माझ्याकडून मेल लिहून घेतला. मी घातलेले तीन ‘काइंडली’ खोडले, दोन लाख वाढवले. तासाभरात मॅडमचा फोन : ‘सर, एवढं दिलं तर आमची टीममधली पॅरिटी बिघडेल.’

‘बरं. टीममध्ये बाकीच्यांना किती आहे?’

‘सर, ते कॉन्फिडेन्शियल असतं.’