सायकलसुधारक

पंधरा हजारांच्या आतली माउंटन बाइक विकत घेऊन तिच्यावर तीस हजारांचे सुटे भाग चढवणाऱ्या गृहस्थाला सायकलसुधारक म्हणतात. वय साधारण पस्तीस ते पन्नास, नोकरी बसून करण्याची, आणि डॉक्टरांनी ‘रोज चालत जा’ असे सांगितले की चालायला लागण्याऐवजी काहीतरी विकत घेण्याचा स्वभाव. तो महाराष्ट्रभर असला तरी पुण्यात त्याची वाढ विशेष जोमाने होते. या शहराला सायकलींचे शहर म्हणवून घेण्याची जुनी सवय आहे, चढायला सिंहगड आहे, घसरायला वेताळ टेकडी आहे, आणि कोणत्याही यंत्राविषयी न विचारता मत देणारा माणूस दर कोपऱ्यावर उभा आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींना एकाएकी मागणी आली, तेव्हा या वर्गात मोठी भर पडली.

खरेदीच्या दिवशी तो सुधारक नसतो, नुसता गिऱ्हाईक असतो. दुकानात तो तीन गोष्टी विचारतो: गिअर किती, डिस्क ब्रेक आहेत का, आणि शॉकअप पुढेच आहे की मागेही. गिअर एकवीस आहेत असे कळल्यावर त्याचे अर्धे समाधान होते. पुढे तीन चक्रे, मागे सात. सात त्रिक एकवीस. पाढा बरोबर असतो. त्यांतले बरेच गिअर एकमेकांच्या इतके जवळचे असतात की पायाला फरक कळत नाही, ही गोष्ट पाढ्यात येत नाही. “डबल शॉकर घ्या साहेब, खड्डा कळणारच नाही,” असे दुकानदार म्हणतो. खड्डा खरोखरच कळत नाही. फक्त चढावर मांड्यांतला बराच जोर चाकाऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो, आणि तेही कळत नाही. घाम तेवढा कळतो.

स्वस्त माउंटन बाइक कशी घडते, हे एकदा पाहून ठेवलेले बरे. ठरलेल्या किमतीत कारखानदाराला फ्रेम, फोर्क, दोन चाके, गिअर, ब्रेक आणि लाल-काळे स्टिकर एवढे सगळे बसवायचे असते. गिऱ्हाईक जे बघते त्यावर पैसे खर्च होतात आणि जे बघत नाही तिथे वाचतात. डिस्कची चकती दिसते, म्हणून ती असते. तिला पकडणारा कॅलिपर अगदी साधा, तारेने ओढला जाणारा असतो आणि पावसाळ्यात पेठेतल्या दोन गल्ल्या जाग्या होतील असा किंचाळतो. फोर्क जाड दिसतो, पण आत स्प्रिंग आणि रबर यांखेरीज फारसे काही नसते. दाबला की दबतो आणि सोडला की टपकन उसळतो. हबमधले छर्रे आणि पेडलमधले ग्रीस कोणी उघडून बघत नाही, त्यामुळे तिथे काटकसरीला सीमाच नसते. एवढे करून सायकलचे वजन सतरा-अठरा किलोंच्या घरात जाते. हेच पैसे शॉकअप आणि डिस्क यांऐवजी साधा फोर्क, चांगली चाके आणि बरे व्ही-ब्रेक यांवर घातले तर सायकल हलकी होते आणि जास्त नीट थांबतेही. पण अशी सायकल दुकानात गरीब दिसते आणि धूळ खात पडते. दोष सगळा कारखान्याचा आहे असे म्हणवत नाही.

सुधारकाचा जन्म सिंहगडावर होतो. गोळेवाडीपासून घाट सुरू झाला की पहिल्या दोन-तीन वळणांत एकवीसपैकी वीस गिअर संपतात, एकविसावा कुरकुर करीत पडतो, आणि उरलेला घाट सायकल हातात धरून पार पडतो. वर पोचल्यावर पिठलं-भाकरीची ऑर्डर देऊन तो शेजारी टेकवलेली कोणाची तरी सायकल बघतो, मालकाची परवानगी घेतो आणि तिची वरची नळी दोन बोटांत धरून ती उचलतो. सायकल उचलली जाते. तो ती खाली ठेवतो आणि पुन्हा उचलतो. मग “हिला मागे किती दात्यांचं आहे?” असा प्रश्न तो आयुष्यात पहिल्यांदा विचारतो. ताटातली भाकरी गार होते. त्या दिवसापासून व्यायाम कमी पडला असे तो म्हणत नाही. सायकल कमी पडली असे म्हणतो.

पहिल्या टप्प्यातल्या सुधारणा शहाणपणाच्या असतात, हे मान्य केलेच पाहिजे. मूळचे जाड खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर नुसते घुरघुरतात. त्यांच्या जागी मधोमध गुळगुळीत आणि कडेला खाचा असलेले टायर घातले की तीच सायकल हलकी वाटू लागते. ब्रेकचे रबर किंवा पॅड चांगल्या प्रतीचे, केबल आणि तिचे कव्हर नवे, पेडल धड, सीट स्वतःच्या हाडांना मानवणारी: एवढे सगळे तीन-चार हजारांत होते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी सुधारणा मागच्या फ्रीव्हीलची. पुढचे लहान चक्र २४ दात्यांचे आणि मागचे मोठे २८ चे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे ०.८६ फेरा फिरते. हबच्या त्याच आट्यांवर बसणारे, ३४ दात्यांचे मोठे चक्र असलेले फ्रीव्हील लावले, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरला तेवढे झेपते ना ते बघितले आणि चेनच्या एक-दोन कड्या वाढवल्या, की हा आकडा ०.७१ वर येतो. म्हणजे चढावरचा जोर साधारण सहाव्या हिश्शाने कमी. कोणताही जुना मिस्त्री जुने फ्रीव्हील पान्याला लांब पाइप लावून पाच मिनिटांत सोडवून देतो. घाट अजूनही घाटच राहतो, पण उतरून चालण्याची जागा दोन वळणे पुढे सरकते.

इथे थांबला तर तो सुधारक कसला? एकोणिसाव्या शतकात पुण्यात आधी राजकीय की आधी सामाजिक सुधारणा, हा वाद पेटला होता. सुधारकाच्या मित्रमंडळात तो आधी फोर्क की आधी गिअर या स्वरूपात अजून जिवंत आहे. दोन्ही पक्षांकडे विद्वान आहेत. निकाल बहुतेक वेळा गिअरच्या बाजूने लागतो, आणि मग दुसरा टप्पा सुरू होतो.

त्याला मागे नऊ गिअर हवे असतात, बाकी काही नको असते. तो नऊ चक्रांची कॅसेट घेऊन मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री मागचे चाक काढतो, हब फिरवून बघतो आणि काही न बोलता बिडी पेटवतो. स्वस्त सायकलच्या हबला बाहेरून आट्या असतात आणि त्यावर फ्रीव्हील स्क्रूसारखे बसते. कॅसेटला लागणारा खाचांचा फ्रीहब तिथे नसतोच. म्हणजे हब नवा. नवा हब म्हणजे नव्या तारा आणि ओवणावळ. त्यापेक्षा अख्खे चाकच घेतलेले परवडते. नऊची चेन सातच्या चेनपेक्षा अरुंद असते, म्हणून चेन नवी. सातचा शिफ्टर नऊ टप्पे मोजत नाही, म्हणून शिफ्टर नवा. जुना शिफ्टर आणि ब्रेकचा दांडा एकाच घडणीचे, एकमेकांपासून न सुटणारे असतात, म्हणून ब्रेकचे दांडेही नवे. दांडे बदलायचेच आहेत तर तारेचे कशाला, हायड्रॉलिकच घेऊ. पुढची तिन्ही चक्रे क्रँकला रिवेट ठोकून जोडलेली असतात, सुटी बदलता येत नाहीत, म्हणून क्रँक नवा. नव्या क्रँकला जुना बीबी, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो बॉटम ब्रॅकेट, चालत नाही. बीबी काढायला गेल्यावर तो गंजून फ्रेममध्ये घट्ट बसलेला असतो आणि पान्याखाली त्याच्या खाचा बोथटतात.

“साहेब, सायकलच नवी घ्यायची होती,” मिस्त्री म्हणतो.

“फ्रेम चांगली आहे हो,” सुधारक म्हणतो.

हे वाक्य या पंथाचा महामंत्र आहे. खरे म्हणजे अडचण फ्रेमचीच असते. चांगल्या हवेच्या फोर्कची मान आता बहुधा खाली रुंद आणि वर निमुळती असते. स्वस्त फ्रेमची पुढची नळी वरपासून खालपर्यंत सारख्या मापाची, त्यामुळे तो फोर्क तिच्यात शिरतच नाही. सरळ मानेचा शोधून आणला आणि त्याची चाल मूळ ८० मिलिमीटरऐवजी १२० ची निघाली, तर सायकलचे नाक वर होते, हॅण्डल चढावर तरंगते आणि पुढच्या जोडावर तिने कधी कल्पिला नव्हता असा ताण येतो. चाक २६ इंची असेल तर शोध आणखी लांबतो, कारण नवे चांगले भाग मुख्यतः साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांसाठी निघतात. मग रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजाराच्या फेऱ्या सुरू होतात. तिथे फोर्क मिळतो. त्याच्यासोबत आणखी दोन अशा वस्तू मिळतात ज्यांचा उपयोग पुढे कधीतरी होणार असतो.

त्याला कोणी नावे ठेवली की तो इतिहास काढतो, आणि इतिहास त्याच्या बाजूचा असतो. माउंटन बाइकच मुळी जुन्या सायकली सुधारण्यातून जन्मली. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या श्विन एक्सेलसिअर जातीच्या जाड टायरच्या, बोजड सायकली कवडीमोलाने घेत आणि माउंट टॅमलपायसच्या उतारावरून सोडून देत. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की ग्रीसचा धूर होऊन जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून २१ ऑक्टोबर १९७६ पासून त्याच काउंटीत सुरू झालेल्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. चार्ली केली, गॅरी फिशर ही त्या मंडळातली माणसे. त्यांनी त्या सायकलींना रस्त्याच्या सायकलींचे गिअर लावले, मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे लावले. सुधारक ही हकीकत इथवर रंगवून सांगतो आणि चहा मागवतो. १९७७ साली त्याच मंडळातल्या जो ब्रीझ यांनी या जुन्या फ्रेम ठिगळे लावण्याच्या पलीकडे गेल्या असे ठरवून डोंगरासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली, आणि १९८१ मध्ये ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने निघालेली माउंटन बाइक बाजारात आली, हा उत्तरार्ध चहा येईपर्यंत राहून जातो.

घरात या सुधारणांची नोंद वेगळ्या वहीत होते. पार्सले कार्यालयाच्या पत्त्यावर येतात. किंमत विचारली तर ‘सेलमध्ये होतं’ एवढेच उत्तर असते. बायको “अहो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाय हा,” असे म्हणाली की तो शांतपणे दाखवून देतो की म्हणीतले प्रमाण एकास तीन आहे आणि आपण अजून एकास दोनवरच आहोत. काढलेले भाग तो टाकत नाही. जुने चाक, जुना क्रँक, दोन फोर्क आणि डब्यातले छर्रे माळ्यावर जमत जातात, आणि एक दिवस त्याच्या लक्षात येते की वर एक संपूर्ण सायकल तयार आहे, फक्त फ्रेम कमी आहे. ही फार नाजूक वेळ असते. फ्रेमा सुट्या मिळतात.

त्याच्या उलट जातीचा गृहस्थ दीड लाखाची सायकल घेऊन ती बैठकीच्या खोलीत भिंतीला टांगतो. त्याच्याविषयी इथे जास्त लिहिण्याचे कारण नाही. सुधारक निदान रविवारी बाहेर पडतो, आणि आठवड्यातले चार दिवस स्वतःच्या हातांनी काहीतरी शिकतो. चेन तोडून जोडणे, चाकाचा आउट काढणे, ब्रेकमधली हवा काढणे ही कामे येणारा माणूस सोसायटीत फार उपयोगी पडतो. वरच्या मजल्यावरच्या पोरांची पंक्चर तोच काढतो आणि पैसे घेत नाही. ही विद्या शिकायला स्वस्त सायकलसारखे साधन नाही, कारण बिघडली तरी पोटात गोळा येत नाही आणि बिघडल्याशिवाय ती राहत नाही.

सायकलीच्या बाबतीत मात्र हिशेब सरळ आहे. कारखान्याला सुटे भाग घाऊक दराने पडतात आणि सुधारकाला किरकोळ दराने. त्यामुळे तीस हजारांचे भाग चढवलेली पंधरा हजारांची सायकल त्याच एकूण पैशांत मिळणाऱ्या नव्या सायकलीच्या जवळपासही येत नाही. विकायला काढली तर गिऱ्हाईक मूळ सायकलची किंमत बोलते आणि वर घंटी मागते. कॉलेज, भाजी, कामावर जाणे आणि टेकडीवरची मातीची वाट एवढ्यासाठी स्वस्त माउंटन बाइक जरूर घ्यावी, शक्यतो मागच्या स्प्रिंगशिवाय आणि शक्य तर पुढच्याही. टायर, ब्रेकचे रबर, केबल, सीट आणि जास्त दात्यांचे फ्रीव्हील यांच्या पलीकडे तिच्यावर पैसा घालू नये. घाटात रोज जायचे ठरले असेल तर ती आहे तशी विकावी आणि मागे कॅसेटचा हब, हायड्रॉलिक ब्रेक आणि निमुळत्या मानेचा फोर्क बसेल अशी फ्रेम असलेली, एखाद्या सुधारकाने कंटाळून विकायला काढलेली जुनी का होईना, दुसरी घ्यावी. घेताना पुढच्या नळीच्या जोडाखाली रंगाला बारीक चीर गेली आहे का, हे बोट फिरवून बघावे. असेल तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.