आनंदावरील जकात

मनुष्याने समुद्रावर कशासाठी जावे, याविषयी आमच्या शासनाची मते अत्यंत सुस्पष्ट आणि, म्हणावयास हरकत नाही, नीतिमान आहेत. त्याने माल वाहण्यासाठी जावे, मासळी धरण्यासाठी जावे, बंदराच्या मुखाशी साचलेला गाळ उपसण्यासाठी जावे. फार काय, एखादे जीर्ण जहाज किनाऱ्यावर चढवून त्याचे तुकडे करण्याचा मनोदय असेल, तर तेवढ्यासाठीही खुशाल जावे. परंतु चार घटका वारा अंगावर घ्यावा, शिडाची दोरी कधी ताणावी, कधी सैल सोडावी आणि दिवस मावळताना परत यावे, एवढ्याच हेतूने जो गृहस्थ परदेशात नौका खरेदून ती स्वदेशी आणू पाहील, त्याची गाठ सीमाशुल्काच्या दरपत्रकातील एकोणनव्वदाव्या प्रकरणाशी आहे, हे त्याने पक्के ध्यानात ठेवावे.

हे प्रकरण आम्ही नुकतेच आदरपूर्वक वाचून काढले. पृथ्वीवरील यच्चयावत तरंगत्या वस्तूंची वर्णव्यवस्था तेथे लावून दिलेली आहे. ८९०१ या शीर्षाखाली प्रवासी व मालवाहू जहाजे, ८९०२ खाली मच्छीमार नौका, ८९०४ खाली टग, ८९०५ खाली गाळ उपसणारी जहाजे, ८९०६ खाली युद्धनौका. आणि या सर्व कष्टाळू मंडळींच्या मधोमध, एखाद्या सात्त्विक कुटुंबात उनाड धाकटा भाऊ निपजावा तसे, ८९०३ हे शीर्ष बसले आहे, ज्यात ‘सुखासाठी किंवा क्रीडेसाठी’ असलेल्या नौकांची नोंद होते. मासे धरणाऱ्या नौकेवर वस्तू व सेवा कर पाच टक्के. सुखनौकेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के. या चाळीस टक्क्यांच्या पंगतीत तिच्या शेजारी कोण बसले आहे, हे पाहिले म्हणजे शासनाची दृष्टी उमगते: रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल, धूम्रपानाचे पाइप, आणि साखर घातलेली फसफसती पेये. मात्र वल्ह्यांनी हाकायच्या होड्यांवर दयाबुद्धीने अठरा टक्केच ठेवले आहेत. ज्याच्या दंडाला घाम फुटतो त्याचे अर्धेअधिक पातक धुऊन निघते. ज्याला वारा फुकटात पुढे नेतो, त्याला मात्र क्षमा नाही.

याउलट जे जहाज मोडण्यासाठीच आणले जाते त्याची, म्हणजे ८९०८ या शीर्षाची, हकीकत पाहावी. त्यावरील मूळ सीमाशुल्काची माफी पुढील दहा वर्षे चालू राहील, अशी ग्वाही २०२५ च्या अर्थसंकल्पात मिळाली. हाही न्यायच म्हणावयाचा. मुंबईच्या दारूखान्यात अथवा गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर जे जहाज गॅसच्या ज्योतीखाली पत्रापत्रा होऊन पडते, त्यापासून कोणाला सुख होण्याचे भय उरत नाही.

त्याच अर्थसंकल्पाने सुखनौकांवरील मूळ सीमाशुल्क पंचवीस टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणले, तेव्हा काही भोळ्या नौकाप्रेमींनी पेढे वाटले म्हणतात. पेढ्यांचा डबा रिता होण्यापूर्वीच खुलासा झाला, की पूर्वीचा अडीच टक्क्यांचा समाजकल्याण अधिभार गेला असला, तरी साडेसात टक्क्यांचा कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आला आहे. म्हणजे पूर्वीही साडेसत्तावीस आणि आताही साडेसत्तावीस. शंभर रुपयांच्या नौकेवर हे साडेसत्तावीस रुपये, मग त्या एकशे साडेसत्तावीसांवर चाळीस टक्क्यांप्रमाणे एकावन्न रुपये, एकूण साडेअठ्ठ्याहत्तर. सीमाशुल्काची बेरीज तसूभर न हलवता करकपातीचे पुण्य पदरात पाडून घेणे, ही मुत्सद्देगिरी खासच. पण आम्ही विशेष गहिवरलो ते कृषी उपकराने. अरबी समुद्रात शीड उभारणारा मनुष्य नकळत कोठल्यातरी तालुक्यातील धान्याच्या गोदामाला कौल घालीत असतो, ही कल्पनाच मोठी हृद्य आहे.

दर झाले, आता रीत. आमचे एक स्नेही, जन्मभर कारखान्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेले, यांनी दुबईस नऊ मीटर लांबीची एक वापरलेली शिडाची नौका घेतली आणि दोन जाणत्या खलाशांच्या साह्याने, थंडीतला अनुकूल वारा साधून, ती आपल्या किनाऱ्यावरील एका बंदरात सुखरूप आणली. वाटेत वादळ भेटले नाही की चाचे भेटले नाहीत. जे भेटावयाचे होते ते धक्क्यावर, पंख्याखाली, अर्जाचा नमुना पुढ्यात घेऊन बसले होते.

“माल कोणत्या जहाजाने आणलात?” अधिकाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले.

“जहाजाने नाही, साहेब. ती स्वतःच आली.”

“म्हणजे वाहनाच्या रकान्यात काय लिहू?”

“तीच.”

“आणि मालाच्या?”

“तीच.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. वाहन आणि वाहिलेला माल यांचे अद्वैत शंकराचार्यांस मान्य झाले असते. नमुन्यास ते मान्य नव्हते. तथापि ती अडचण त्यांनी दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहून निभावली आणि ते पुढे सरकले.

“भाडे किती पडले?”

“भाडे कसले? वाऱ्याने आणली.”

“वाऱ्याची पावती?”

पावती नव्हती. मग आमच्या स्नेह्यांस सांगण्यात आले, की घाबरण्याचे कारण नाही, नियमांत सोय आहे: वाहतुकीचा खर्च निश्चित होत नसेल, तर मालाच्या किमतीच्या वीस टक्के भाडे धरावे, विम्याचा आकडा नसेल तर एक पूर्णांक एकशेपंचवीस सहस्रांश टक्के विमा धरावा, आणि या वाढीव रकमेवर शुल्क आकारावे. अशा प्रकारे वायुदेवतेने केलेल्या हमालीची मजुरी ठरली, आणि ती देवतेस न पोचता तिच्यावरील कर तेवढा सरकारजमा होण्याचा मार्ग मोकळा झाला. नौका वापरलेली असल्यामुळे तिची खरी किंमत काय, याविषयी सनदी अभियंत्याचा दाखलाही मागण्यात आला. दाखला देणाऱ्या गृहस्थांनी डोलकाठीवर बोटाच्या पेराने टकटक केले, सुकाणूचा दांडा डावीउजवीकडे हलवून पाहिला, शिडाच्या शिवणीला लावलेले ठिगळ कागदावर टिपून घेतले आणि विक्रेत्याने घेतल्याहून अधिक किंमत लिहून दिली. आपली नौका आपल्या समजुतीहून मोलाची आहे, हे ऐकून एरवी कोणालाही उचंबळून आले असते.

या किनाऱ्याला असल्या कागदपत्रांचे नावीन्य नाही, हे खरे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्र ही आपली खासगी मिळकत ठरवून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना काढला. तो जवळ नसेल तर जहाज मालासकट जप्त. पुढे मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी या पाण्यात आपले दस्तक चालू केले आणि तेवढ्यावरून इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले. पण कार्ताझ पाहा की दस्तक पाहा, नाखवा कोठे निघाला, गलबतात काय भरले आहे, तोफा किती, एवढ्याच चौकशा त्या काळी होत. प्रवासात त्याचे चित्त प्रसन्न होते काय, हा प्रश्न कोणाही फिरंग्याला अथवा सरखेलाला सुचला नाही. ही सूक्ष्मता लोकशाहीचीच देणगी होय.

युरोपीय राष्ट्रांची तऱ्हा थोडी निराळी आहे. तेथे परक्या रहिवाशाची नौका अठरा महिने करावाचून राहू शकते. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यापासून कित्येक इंग्रज नौकाधारी मुदत संपत आली, की तुर्कस्तानासारख्या संघाबाहेरच्या देशाचे बंदर गाठतात, तेथील शिक्का घेतात आणि परत येऊन नव्या अठरा महिन्यांचा श्रीगणेशा करतात. आमच्याकडे असली पळवाट काढण्यापूर्वी नौका बांधावयास जागा शोधावी लागेल. रॉयल बॉम्बे यॉट क्लबाची स्थापना १८४६ ची; तरीही आज मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नौका उघड्या पाण्यात बोयांना बांधून हिंदकळत असतात, आणि पावसाळा तोंडावर आला, की त्या काठावर ओढून घेण्याची धांदल उडते. साडेअठ्ठ्याहत्तर टक्के भरून जे सुख विकत घेतले, ते जून लागताच ताडपत्रीखाली जाते. आनंद अतिरेकास पोचू नये, याची व्यवस्था निसर्गानेही शासनाशी विचारविनिमय करूनच केलेली दिसते.

आमच्या स्नेह्यांनी आता एक विनंतीअर्ज लिहावयास घेतला आहे. आपली नौका ८९०३ खालून काढून ८९०८ मध्ये, म्हणजे मोडीच्या वर्गात घालावी, अशी त्यांची मागणी आहे. नौका मोडण्याची लेखी हमी देण्यास ते तयार आहेत. फक्त ते काम वयोमानामुळे सावकाश, दर रविवारी थोडे थोडे, आणि तेही भर समुद्रात जाऊन करण्याची मुभा असावी, एवढेच त्यांचे म्हणणे. मसुदा आम्ही नजरेखालून घातला आणि तो मंजूर होईल अशी आम्हांस बळकट आशा वाटते. आमच्या तर्काप्रमाणे उत्तरी हुकुमात एकच अट राहील: मोडणाराने मोडण्याच्या कामात कोणत्याही प्रकारे आनंद घेता कामा नये, आणि तसे निदर्शनास आल्यास प्रकरण मागील तारखेपासून, दंड व व्याजासह, पुन्हा ८९०३ खाली वर्ग करण्यात येईल.