उजळाईवाडी ते मिलान, विनातिकीट

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून इटलीतल्या मिलानपर्यंतचे हवाई अंतर सुमारे 6,800 किलोमीटर. थेट विमान असते तर आठेक तासांत काम भागले असते. ते नाही, म्हणून आधी मुंबई नाहीतर बंगळुरू गाठायचे, तिथे ताटकळायचे आणि मग पुढचे विमान धरायचे. पण हा हिशेब झाला माणसांचा. जून 2025 मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी घाटाची पायताणं मॉडेलांच्या पायांत दिसली आणि कळले, की प्रवासाचा वेळ प्रवासी कोण यावर ठरतो. 2017 साली ‘उडान’ योजनेचे पहिले विमान उडाले तेव्हा हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असे आश्वासन मिळाले होते. कोल्हापुरात चप्पल पुढे गेली, शिवणारा खालीच.

घाटाला मिलान गाठायला वेळ लागलाच नाही. नाव मात्र मागे राहिले, आणि तेही कायदेशीरपणे. 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. ते राखण करते नावाची. तेव्हा नाव इथेच उतरवले आणि चप्पल ‘लेदर सँडल’ म्हणून रॅम्पवर चढली. कस्टमवाल्यालाही हरकत घेता आली नसती. श्रेय पोहोचायला काही दिवस आणि बराच आरडाओरडा लागला. पैशाची चाल सगळ्यांत संथ. डिसेंबर 2025 मध्ये प्राडाचा दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: 2,000 जोड, जोडाला साधारण 800 युरो, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. एवढ्यात इथल्या चप्पल लाईनीत अख्ख्या वरातीचे पाय सजतील.

कुणी म्हणेल, घाट काय कुणाच्या बापाचा असतो? नसेल; सत्तरच्या दशकात हिप्पींनीही कोल्हापुरी घातल्याच. पण त्यांनी त्या विकत घेतल्या होत्या. दुसरा आक्षेप, की फुकटात जाहिरात झाली. रॅम्पवर नावच नव्हते, तर जाहिरात झाली कशाची? झाली ती नंतरच्या भांडणाची, आणि भांडण आपल्याच घशाच्या खर्चाने झाले. तिसरा आक्षेप वजनदार आहे: चूक कबूल झाली, काम इथल्या कारागिरांना मिळाले, आता तक्रार कसली? काम मिळाले हे चांगलेच. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमवायला आठवडे घालवणाऱ्याला कुणीतरी दाम देतो आहे. पण करारात प्रशिक्षणही आहे, आणि काही कारागिरांना थोड्या दिवसांसाठी इटलीतल्या प्राडाच्या अकादमीत जाण्याची संधीही. म्हणजे ज्याचा घाट उचलला, तो आता शिकायला जाणार. त्याला पासपोर्ट लागेल, व्हिसा लागेल, बँकेचे स्टेटमेंट लागेल आणि मुदतीत परत येईन याची खात्री पटवावी लागेल. चपलेला यातले काहीच कुणी विचारले नव्हते.