आता खोललंच आहे तर…

क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गिअरबॉक्स उतरला की फ्लायव्हील दिसतं आणि फ्लायव्हीलच्या मागे क्रँकचं ऑइल सील. सील ओलं असतं. जुन्या डिझेल पिकअपचं हे सील कोरडं निघाल्याचं अजून कुठल्या गॅरेजात कुणी पाहिलेलं नाही. मिस्त्री त्यावरून बोट फिरवतो, ते काळं बोट मालकाच्या नाकासमोर धरतो आणि गॅरेजातलं सगळ्यात महाग वाक्य उच्चारतो : ‘मालक, आता खोललंच आहे तर…’

वाक्य इथेच सोडून द्यायची रीत आहे. उरलेलं मालकाने स्वखर्चाने पूर्ण करायचं असतं. सकाळी क्लच प्लेटसाठी आत गेलेली गाडी दिवेलागणीला इंजिनाविना उभी असते. बंपर भिंतीला टेकवलेला, बॉनेट शेजारच्या पत्र्यावर, आणि नटबोल्ट डालड्याच्या जुन्या डब्यात. सगळं परत जोडून झालं की त्या डब्यात दोन बोल्ट उरतात. ते कुठले, असं मिस्त्रीला विचारू नये. ‘कंपनीने जास्तीचेच दिलेले असतात,’ असं उत्तर मिळतं आणि गाडी त्या दोन बोल्टांशिवाय पुढे वर्षभर बिनतक्रार चालते. हे जास्त चीड आणणारं.

पिकअप कुणी हौसेने घेत नाही, असा समज आहे. मार्केट यार्डात भाजी न्यायची, दुधाचे कॅन, मंडपाचे बांबू, खताची पोती, अशा रोकड्या कारणांनी ती दारात येते. हप्ते चालू असतात तोवर मालक शहाणा असतो. गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली, बँकेचं नाव आरसी बुकावरून उतरलं, की त्याची माया बसते. आणि मायेने बघू लागला की त्याला गाडीचा खर्च दिसेनासा होतो, फक्त आवाज ऐकू येतो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा टॅपेट वाजतोय की नोझल ठोकतंय, हे तो सांगू शकतो. स्वतःचा मुलगा कितवीत आहे, हे विचारल्यावर मात्र त्याला घरात बघावं लागतं.

या मायेमागे थोडं खानदानही आहे. १९८६ साली टाटांच्या टेल्कोने ४०७ बाजारात आणली तेव्हा डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी आणि ऑल्विन-निस्सान अशा चार जपानी जोड्या समोर उभ्या होत्या. ४०७ त्या सगळ्यांना पुरून उरली. १९८८ मध्ये टाटामोबाइल आली आणि तिच्या वंशातल्या २०७ गावोगावच्या आठवडे बाजारात अजून धूर सोडताना दिसतात.

महिंद्राची वंशावळ आणखी मजेची. १९४७ मध्ये मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली. १९७९ मध्ये फ्रान्सच्या पेजो कंपनीशी डिझेल इंजिनाचा करार झाला. त्या एक्सडीपी ४.९० इंजिनाला चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर आणि २११२ सीसी. पुढे आलं २५२३ सीसीचं डीआय इंजिन. त्याचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. आकडे वेडेवाकडे वाटतात, पण इंचात मोजा : बरोबर साडेतीन आणि चार. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बीडी-१५४ या ट्रॅक्टर-इंजिनाचं मापही नेमकं हेच, आणि त्याच कंपनीबरोबर महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टरसाठी भागीदारी केली होती. तेव्हा आपली पिकअप घाटात ट्रॅक्टरसारखी ओरडते ही मालकाने तक्रार समजू नये. ती कुंडली आहे.

आता ती ओरडते कशी, तेही सांगायला हवं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा अठरा-वीस पट दाबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, मग त्यात डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. ते आपोआप पेटतं. जुन्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर बॅटरीही फारशी लागत नाही. बंद करायला स्टॉपची केबल ओढली की झालं. बॅटरी हवी असते ती सेल्फ मारण्यापुरती, आणि नेमकी तीच उतरलेली असते. म्हणून गाडी उताराला लावायची. मुरलेला मालक देवळात गेला तरी पायऱ्यांच्या आधी उतार बघतो.

१९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. ही हकीकत प्रत्येक मालकाला कधी ना कधी कुणी तरी सांगतंच. तो दुकानात जाऊन शेंगतेलाचा भाव विचारतो आणि निमूट पेट्रोल पंपाकडे वळतो.

धूर हा मिस्त्रीचा मुख्य पुरावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा नोझल नीट फवारत नसेल. निळा म्हणजे रिंगा गेल्या, ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी जरासा आला तर चालतो. दुपारपर्यंत राहिला तर हेड गॅसकेट उडालं असण्याची भीती. हे तिन्ही धूर वेगवेगळे आले तर निदान सोपं. पण गाडी मिस्त्रीच्या दारात उभी केली की धूरच येत नाही. मालक कळवळून सांगतो, ‘मिस्त्री, आत्ता वाटेत येत होता हो!’ मिस्त्री न बघताच म्हणतो, ‘येईल. थांबा. ती कुठं जाती?’

सगळ्यात खट्याळ दुखणं म्हणजे ‘एअर घेणं’. डिझेलच्या पायपात हवा शिरली की पंप हवाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत काही पोचत नाही. कारण तांब्याचा चिरलेला वायसर असू शकतं, किंवा टाकी कोरडी झालेली असते. कारण डिझेलचा काटा गेली तीन वर्षं अर्ध्यावरच आहे. हे खंबाटकी घाटात, रात्री, घरची मंडळी बरोबर असताना होतं. मालक बॉनेट उघडतो, नट सैल करतो, हँड प्रायमर दाबत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. मोबाइलचा उजेड धरलेली बायको विचारते, ‘अहो, नक्की झालंय काय?’

‘काही नाही. हवा घेतलीय नुसती.’

‘तिला बरी घाटात हवा घ्यायला मिळते. मला महाबळेश्वर म्हणून किती वर्षं झाली?’

यावर प्रायमर दाबत राहणं एवढंच मालकाच्या हातात असतं.

एवढं झाल्यावर इंजिनाचं काम निघतं. ‘हाफ इंजिन’ म्हणून सुरू होतं आणि ‘फुल’ होतं. ब्लॉक टेम्पोत घालून मशीन शॉपला जातो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी असे लेथवाले आहेत, की त्यांनी क्रँकवर मायक्रोमीटर लावून ‘ही वीसवर गेली’ असं म्हटलं की पुढे अपील नसतं. वीस म्हणजे इंचाचे वीस हजारांश घासून काढले. आता बेअरिंगही त्या मापाची लागणार. लायनर मात्र नवे घालता येतात आणि बोअर पुन्हा कोरा होतो. या लायनरच्या धंद्यात साताऱ्याच्या कूपर घराण्याचं नाव मोठं. त्या घराण्यातले सर धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. मंत्रिमंडळ जुलैतच गेलं, लायनर टिकले.

पंपाचा कारागीर वेगळा. इंजिनवाला मिस्त्री पंपाला हात लावत नाही. ते काम ‘मायको’वाल्याचं. बंगळूरला १९५१ मध्ये निघालेल्या या कंपनीचं नाव २००८ पासून बॉश आहे, पण गॅरेजांपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. मायकोवाल्याची टेस्ट बेंच काचेच्या खोलीत असते, तो चप्पल बाहेर काढायला लावतो आणि दर आधी सांगत नाही. डॉक्टरांतही हृदयवाले असंच वागतात.

मग इंजिन बसतं. पाटे बदललेले, हौद्याला नवा पत्रा, फाळक्याला नवी साखळी, लांबी भरून रंग. फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं नाही, कारण महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्याला मनाई झाली. तिथे ‘आईचा आशीर्वाद’ येतो. आई म्हणते, ‘माझं नाव कशाला? मी तर विकून टाक म्हणत होते.’

विकत का नाही, याचा हिशेब मालकाकडे तयार असतो. इंजिनाला लावलेले पैसे गिऱ्हाईक देत नाही, म्हणून विकायची नाही. विकायची नाही म्हणून टायर टाकायचे. टायर टाकले म्हणून तर आता अजिबातच विकायची नाही. या हिशेबात चूक दाखवता येत नाही, हे आपलं दुर्दैव. नव्या गाडीतलं काही बिघडलं तर लॅपटॉप लावतात आणि तो अख्खा भाग बदलायला सांगतो. जुन्या गाडीतलं जवळजवळ सगळं कुणी तरी, कुठे तरी दुरुस्त करून देतं. ती कायमची मरत नाही, म्हणून मालकाची सुटकाही होत नाही.

सरकार आपल्या परीने सोडवू पाहतं. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग, वर पर्यावरण कर. ब्लॉक बदलला तर नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि मालक प्रत्येक वाढीव मुदतीच्या शेवटच्या दिवशी धावला. आता गाडीत सगळ्यात नवी वस्तू ती प्लेट आहे.

धुराच्या बाबतीत मात्र मालकाची बाजू घेता येत नाही. २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना बीएस-६ चे निकष आहेत, आणि त्यांच्या सायलेन्सरपुढे या जुन्या बाया उघड्या चुलीसारख्या आहेत. निदान नोझल, फिल्टर आणि पंपाचं टायमिंग तरी वेळेवर बघावं. मागच्या स्कूटरवाल्याने काय पाप केलंय?

एवढं वाचूनही कुणाला जुनी पिकअप घ्यायचीच असेल, तर सकाळी लवकर, न कळवता जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलीय. चहा घ्या, गप्पा मारा, गार होऊ द्या, मग सेल्फ मारायला सांगा. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून बघा. तिथून फसफसून वाफारा आला तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय; किंमत पाडा किंवा घरी या. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर फक्त घरी या. चासी नंबर फडक्याने पुसून स्वतः वाचा, बँकेचा बोजा उतरलाय का ते बघा. आणि बरोबर मिस्त्री न्या, मेव्हणा नको. त्याची बिदागी निघण्याआधीच देऊन टाका, नाहीतर तो ती विकणाऱ्याकडून घेईल.