पल्ल्यातले काका

पायदळातला निवृत्त माणूस गप्पांत लढाई करतो, तोफखान्यातला हिशेब करतो. आमच्या वाशिंदच्या सुभेदारकाकांना खडवली किती लांब म्हणून विचारा, "पंचवीस पौंडीच्या पल्ल्यात," असं उत्तर येईल. त्या तोफेचा पल्ला साधारण 12 किलोमीटर. म्हणजे खडवली गेली, माहुलीगड गेला, टिटवाळा तेवढा गणपतीच्या कृपेने वाचला. "बोफोर्स असती ना, तर कल्याणसुद्धा..." एवढं बोलून काका चहाचा घोट घेतात आणि कल्याणचा माणूस उगाच सरकून बसतो.

28 सप्टेंबरला काका पेढे वाटतात. 1827 साली त्या दिवशी मुंबई इलाख्याच्या फौजेत गोलंदाजांची जी तुकडी उभी राहिली, तिचा हा वाढदिवस. स्वतःचा त्यांना आठवत नाही.

देवळालीच्या तोफखाना शाळेत त्यांनी एक शास्त्र घोटलं. पहिला गोळा निशाण्यापलीकडे पडला की "ड्रॉप चारशे", अलीकडे पडला की "ॲड दोनशे", असं अंतर निम्मं निम्मं करत नेमकं गाठायचं. हेच शास्त्र संसारातही. भाजीवालीने मेथीची जुडी वीसला सांगितली की काका म्हणतात पाच. ती खवळली की म्हणतात पंचवीस. "घ्या," म्हणून ती जुडी पिशवीत टाकते. तिसरा गोळा डागायची वेळच येत नाही. कसारा लोकलला पहिल्या दिवशी तासभर आधी पोचले, दुसऱ्या दिवशी गाडी गेल्यावर. तिसऱ्या दिवशी अगदी ठोक्याला पोचले, तर मेगाब्लॉक.

काकांचं दैवत फील्ड मार्शल ॲलनब्रुक. 1902 साली ब्रिटिश तोफखान्यात भरती, उमेदीची वर्षं हिंदुस्थानात, 1916 मध्ये सोमच्या लढाईत तोफांच्या माऱ्याची आखणी आणि डिसेंबर 1941 पासून ब्रिटनचा लष्करप्रमुख. चर्चिल रोज नवी मोहीम काढायचा आणि हा तोंडावर "नाही" म्हणायचा. रात्री राहिलेला राग डायरीत, सवड मिळाली की पक्षिनिरीक्षण.

काकांनी तिन्ही गोष्टी उचलल्या. भातसेच्या काठी दुर्बीण लावून ते खंड्याची दिशा अंशांत सांगतात. आकडा पुरा होईतो खंड्या मासा घेऊन पसार. "नाही" म्हणायला सोसायटीचे अध्यक्ष आहेत. पाण्याची टाकी धुवायचा ठराव आला, तरी काका विरोधात.

घरच्या चर्चिलपुढे मात्र सगळा मारा डायरीतच. ती डायरी काकू नियमित वाचतात. परवा चार पानांच्या तक्रारीखाली त्यांनी पेन्सिलीने शेरा मारला : "ड्रॉप चारशे. येताना दळण आणा."

काकांनी आणलं. पहिल्याच फेरीत, अचूक.