काक्षीची भानगड

"अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या. तुमच्या नारळाच्या शेंड्याशेजारी तांबूस दिसतोय ना, त्याच्याबद्दल सांगायचंय."

"अगंबाई! मला वाटलं, समोरच्यांच्या थोरल्याचं काही कळलं."

"ते उद्या. हा मृग नक्षत्रातला काक्षी तारा. २०१९ संपता संपता जो मंदावला, तो फेब्रुवारी २०२० पर्यंत तेज जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आलं. सगळीकडे एकच बोंब, हा आता फुटणार!"

"मग?"

"कसला फुटतोय! हजारो वर्षं आहेत त्याला, लाखभरही लागतील. लोकांना मरणाची बातमी फार आवडते. त्यानं पोटातला गरम वायू भसकन बाहेर टाकला होता, आपल्या चंद्राच्या वजनाच्या कितीतरी पट. तो लांब जाऊन निवला, त्याची धूळ झाली आणि नेमकी आपल्या नि त्याच्या मधे आली. त्यात पृष्ठभागाचा एक भागही थंड पडलेला. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या फोटोत दक्षिणेची बाजू चक्क काळवंडलेली दिसते."

"पण हे असं होतंच का त्याला?"

"अंगापिंडानं वाढलाय म्हणून. रुंदी सूर्याच्या सातशेपट, आणि वजन? पंधरा-वीसपट! सूर्याच्या जागी ठेवलात तर पृथ्वी आणि मंगळ पोटात जातील. बाहेरचा थर इतका विरळ आणि मध्यापासून इतका लांब की गुरुत्वाकर्षणाची पकडच ढिली. आणि आतून उकळी. तुमची आमटी रटरटते ना, तसे गरम वायूचे फुगवटे वर येतात. सूर्यावर असे लाखो, बारीक बारीक. याच्यावर मोजकेच, पण अवाढव्य. एक वर आला की तेवढा भाग उजळतो, निवून खाली गेला की मळकटतो. शिवाय अख्खा ताराच फुगतो नि आकसतो, साधारण चारशे दिवसांचा फेरा. त्या धुळीच्या प्रकरणानंतर तोही बिघडला म्हणे."

"नवीनच खूळ हे."

"नवीन कुठलं? खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं १८३६ मध्येच टिपलं होतं, की हा कमीजास्त होतो. पण आणखी एक फेरा आहे, जवळजवळ सहा वर्षांचा, त्याचं कारण काही केल्या सापडेना. आता ऐका."

"हळू बोला हो."

"जोडीदार निघाला! २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीतून अंधुकसा दिसला. काक्षीच्या बाहेरच्या वातावरणातच घिरट्या घालतोय."

"इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही?"

"याच्या झगमगाटात दिसणार कोण? अजून पक्कं नाही हं, नोव्हेंबर २०२७ मध्ये तो पुन्हा बाजूला सरकेल, तेव्हा शहानिशा. तोवर तुम्हीही नजर ठेवा. ती वर नारिंगी दिसते ना, ती रोहिणी. एरवी काक्षी तिच्याहून उजळ असतो. तिच्यापेक्षा फिका वाटला, तर मला हाक मारा."